हात हळू चालतो म्हणून मॅथ्स सोडायचं का?

प्रश्न: मुलगा अकरावी सायन्सला आहे, मॅथ्स म्हणजे त्याचा जीव की प्राण. सेरेब्रल पाल्सीमुळे उजवा हात नीट चालत नाही, लिहायला फार वेळ लागतो. अपंगत्वाचं सर्टिफिकेट 35 टक्क्यांचं आहे. क्लासवाले म्हणतात 40 च्या खाली रायटर, म्हणजे आपण सांगू ते पेपरात लिहून देणारा, मिळतच नाही, मॅथ्स सोडा, बायो घ्या. काय करू? - एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर: ताई, क्लासवाल्यांची माहिती जुनी झाली. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये सांगितलं की रायटर फक्त 40 टक्केवाल्यांचाच हक्क नाही, आणि ऑगस्ट 2022 मध्ये केंद्र सरकारनं 40 च्या खालच्यांसाठी वेगळ्या गाइडलाइन्सच काढल्या. पण त्यासाठी लिहायला अडचण आहे असं स्पष्ट म्हणणारं, ठरलेल्या नमुन्यातलं सरकारी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, तुमच्याकडचं टक्क्यांचं सर्टिफिकेट त्याला चालत नाही. मेडिकल किंवा मेयो, नागपुरातल्या या सरकारी हॉस्पिटलांत आत्ताच चौकशी करा, बारावीचे फॉर्म आल्यावर धावपळ नको. बोर्डासाठी अर्ज ज्युनिअर कॉलेजमार्फत जातो. आयआयटीचं दिव्यांगांसाठीचं 5 टक्के आरक्षण मात्र 40 पासूनच आहे, त्यात उगाच आशा लावून घेऊ नका.

वेळ तासाला 20 मिनिटं जास्त, म्हणजे तीन तासांच्या पेपरला अख्खा एक तास. जेईई मेनमध्ये तसंही क्लिक करायचं नाहीतर नंबर टाकायचा, खरी दमछाक होते ती रफ वर्कला.

आणि रायटर मिळाला म्हणजे झालं असं समजू नका हो! माझ्याकडे धरमपेठेतली एक मुलगी यायची, हुशार पोरगी, पहिल्याच सराव पेपरात ती म्हणाली "वन अपॉन एक्स प्लस वन" आणि रायटरनं एक भागिले एक्स लिहून पुढे प्लस वन जोडला, तिच्या मनात एक्स प्लस वन दोन्ही खाली होते, आणि तिथून पुढचं सगळं गणित चुकत गेलं, कळलं तेव्हा अर्धा तास गेला होता. मग आम्ही बोलायची पद्धतच ठरवली, "कंस उघड, कंस बंद", "खाली सगळं", "नवी ओळ", मॅट्रिक्स रो-रोनं, आणि प्रत्येक तीन ओळींनंतर रायटरनं परत वाचून दाखवायचं. महिनाभर रोज अर्धा तास हेच केलं, गणित नंतर.

रायटर स्वतः आणायची मुभा असेल तर तो सहसा खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे बारावीला फार तर अकरावीचा पोरगा, त्यानं कदाचित डेफिनिट इंटिग्रल कागदावर काढलेलंच नसेल. म्हणून शेजारचा, मामेभाऊ, कोणीतरी आत्तापासून धरून ठेवा आणि त्याला चिन्हं काढायला शिकवा, उत्तर कसं येतं ते नाही. परीक्षा घेणाऱ्यांनी रायटर दिला तर परीक्षेआधी त्याला भेटू द्या असं मागून घ्या, लाजायचं काही कारण नाही.

क्लासवाल्यांना बायो सोपं वाटतं, पण तिथे आकृत्या कोण काढणार हे त्यांना विचारलंत का?

आणि ताई, एवढ्या पत्रात तो स्वतः काय म्हणतो ते कुठेच नाही. पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या, फोनवर बोलून टाइप केलं तरी चालेल, तेवढाच बोलून लिहून घ्यायचा सराव.