तारा काढल्यानंतर पारदर्शक रिटेनर किती काळ लावावा?

मुलीच्या दातांच्या तारा निघाल्यावर मिळालेला पारदर्शक रिटेनर अलाइनरसारखाच (तारांऐवजी दात सरळ करायला लावतात त्या पारदर्शक साच्यासारखाच) असतो का आणि तो कधीपर्यंत लावावा, असे आपण विचारले आहे. दिसायला दोन्ही सारखेच असले तरी अलाइनर दात सरकवतो, म्हणून तो दिवसातून २० ते २२ तास लावून ठरावीक काळाने बदलतात. रिटेनर मात्र दात आहेत तिथेच धरून ठेवतो. दाताभोवतीचे तंतू नव्या जागी स्थिरावायला अनेक महिने, हिरडीतील काही तंतूंना तर वर्षभरही लागते, आणि तोवर ते दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. म्हणूनच डॉक्टर तो सुरुवातीला बहुतेक वेळ दिवसरात्र आणि पुढे वर्षानुवर्षे रात्री लावायला सांगतात. ही रात्रीची सवय कृपया मोडू देऊ नका.

खाताना तो काढावाच लागतो, आणि आपल्या इंदूरात सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) खाताना कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेला रिटेनर हमखास द्रोणाबरोबर कचऱ्यात जातो, तेव्हा डबी सोबत द्या. गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. काही दिवस न लावल्यावर तो बसेनासा झाला, तर जोर न लावता त्याच आठवड्यात ऑर्थोडॉन्टिस्टना (दात सरळ करणाऱ्या दंततज्ज्ञांना) दाखवावे.