गाडीतला आणि छतावरचा एकच माणूस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पहिल्याच नोकरीत सुपरहीरोच्या सिनेमावरचा कन्सोल गेम हाती आला, याचा तुझ्या बाबांइतकाच आनंद मला झाला आहे. पण तुझी एक ओळ मी तीनदा वाचली. "काका, अर्धा गेम गाडीचा आहे, अर्धा उड्यांचा, आणि दोघं एकमेकांना ओळखतच नाहीत." दोन आठवड्यांत तुला हे दिसलं! मी पहिल्यांदा अशा गेमवर काम केलं तेव्हा आम्हाला ते शेवटच्या महिन्यात कळलं. तोवर सगळे ट्रॅक बांधून झाले होते, सगळी छतं रंगवून झाली होती, आणि हात लावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितो आहे. एक जुना गेम समोर ठेवून बोलू. 'बॅटमन रिटर्न्स', सेगा सीडीवरचा, १९९३ सालचा. मिळाला तर काहीही करून खेळ, आणि खेळताना शेजारी वही ठेव.

दिग्दर्शक टिम बर्टनचा त्याच नावाचा सिनेमा अमेरिकेत जून १९९२ मध्ये आला. त्यावर गेम किती निघाले बघ. सेगा कंपनीने आपल्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलसाठी कॅसेटवर एक काढला, तो उड्यांचा. कोनामीने सुपर निन्टेंडोसाठी दुसरा काढला, तो हाणामारीचा. आणि मेगा ड्राइव्हला जोडायचं सीडीचं यंत्र, म्हणजेच सेगा सीडी, आलं तेव्हा मालिबू इंटरॅक्टिव्हने त्या यंत्रासाठी कॅसेटवरच्या उड्या घेतल्या आणि त्यांच्या जोडीला गाडी चालवायच्या नव्या कोऱ्या लेव्हल बांधल्या. सिनेमा तोच आणि नायकही तोच. पण प्रत्येक ठिकाणी खेळणाऱ्याच्या बोटांना दिलेलं काम वेगळं. म्हणून तुझ्या टीममध्ये कुणी "आपण सिनेमाचा गेम करतोय" म्हणालं की विचार, सिनेमातल्या कशाचा?

गाडीच्या त्या लेव्हल आधी बघ. त्या काळी त्या पाहून लोक थक्क झाले, आणि माझ्या मते आजही त्यांचा वेग अंगावर येतो. त्यामागचं कारण तुला कळलंच पाहिजे. नुसत्या मेगा ड्राइव्हला चित्र लहानमोठं करता येत नसे. रस्त्याला वळण द्यायचं तर पडद्यावरची एकेक आडवी ओळ थोडी थोडी बाजूला सरकवायची. समोरून येणारी गाडी मोठी होताना दाखवायची तर तिची लहान, मध्यम, मोठी अशी चित्रं आधीच काढून ठेवायची आणि वेळ आली की बदलायची. त्यामुळे ती गाडी जवळ येताना टप्प्याटप्प्याने उसळल्यासारखी दिसे. सीडीच्या यंत्रात स्वतःचा १२.५ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर होता (मेगा ड्राइव्हचा साधारण ७.६ चा) आणि चित्र फिरवणारी, लहानमोठं करणारी वेगळी चिप होती. एकच चित्र द्यायचं, बाकीचा हिशेब ती करी. बॅटमनची गाडी, बॅटमोबाइल, त्याच्या गॉथम शहराच्या रस्त्यावरून सर्कसवाल्या टोळीच्या मागे धावते, तेव्हा समोरची वाहनं, बाजूच्या भिंती खरोखर जवळ येतात. ज्यांनी हे केलं त्यांनी नव्या यंत्राला विचारलं होतं, "तुला काय येतं?" आणि त्याच्या उत्तराभोवती खेळ बांधला.

एक गोष्ट मात्र नव्या यंत्रानेही बदलली नाही. पडद्यावर चित्र शेवटी मेगा ड्राइव्हच काढणार होता, म्हणजे ५१२ रंगांतून एका वेळी साधारण ६४ च. दुसऱ्या एखाद्या सिनेमाला हे जड गेलं असतं. बर्टनचं गॉथम काळं, निळं, राखाडी, मध्येच एखादा पिवळा दिवा. त्या जगाला ६४ रंग पुरून उरतात. तुझ्या सिनेमाच्या रंगांचा आणि तुझ्या कन्सोलच्या मर्यादेचा असा मेळ कुठे बसतो ते आत्ताच शोध. ते नंतर शोधायला वेळ मिळत नाही.

संगीताचंही असंच. स्पेन्सर निल्सनने त्या सीडीसाठी केलेलं संगीत थेट डिस्कवरून वाजतं, साध्या ऑडिओ सीडीसारखं. ऐकायला अप्रतिम. पण डिस्कवर गाणं वाजत असताना तिचा लेझर गाण्यात अडकलेला असतो, त्याच वेळी तो पुढच्या रस्त्याची माहिती आणू शकत नाही. जे काही लागणार ते गाणं सुरू होण्याआधी मेमरीत भरायचं. ती मेमरी, यंत्रातली मुख्य आणि जोडीची मिळून, ७६८ केबी. ड्राइव्ह सेकंदाला १५० केबी वाचणार, म्हणजे ती पूर्ण भरायलाच पाच सेकंदं. आज तुला हे आकडे इवलेसे वाटतील, पण प्रश्न तोच आहे. तुझ्या गेममध्ये गाडी थांबते आणि नायक बाहेर येतो, त्या क्षणी कन्सोल काय आणत असतो? तिथे तुम्ही काळा पडदा टाकणार असाल तर दोन्ही भागांमधली भिंत तुम्ही स्वतःच बांधता आहात.

आता उड्यांचा भाग. इथे मला वाईट वाटतं. ज्या हातांनी दहा मिनिटं सुसाट गाडी चालवली, त्याच हातांत एक जडशीळ माणूस येतो. केप उघडून तरंगतो, बॅटरँग (वटवाघळाच्या आकाराचं हत्यार) फेकतो, हुक टाकून वर चढतो. सगळं आहे, पण बटण दाबल्यावर त्याचं शरीर उशिरा ऐकतं. हा भाग कॅसेटवरून आला होता. त्याला नवं संगीत मिळालं, पण खेळ म्हणून नव्या गाडीशेजारी उभं राहायची तयारी करून घ्यायला कुणी बसलेलं दिसत नाही. मी हे करणाऱ्यांना दोष देण्यासाठी म्हणत नाही. आहे त्या सामानात नवीन भर घालायचं काम त्यांच्यापुढे होतं. पण खेळणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला फक्त एवढं जाणवतं, की गाडीतला माणूस आणि छतावरचा माणूस वेगळे आहेत.

तुझी आजी गोधडी शिवायची, आठवतं? जुन्या साडीचा तुकडा, धोतराचा तुकडा, तुझ्या बाबांच्या शाळेच्या शर्टाचा तुकडा. एकाचा रंग दुसऱ्याशी जुळायचा नाही. पण धावदोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच जायचा, सगळ्या थरांतून. त्या धाग्याने गोधडी व्हायची. तुझ्या गेमचा धावदोरा म्हणजे नायकाचं वजन. तो गाडीत बसला काय, गच्चीवर उभा राहिला काय, वजन त्याचंच वाटलं पाहिजे.

हे मोजता येतं, म्हणून मोज. बटण दाबल्यापासून नायकाचे पाय जमीन सोडेपर्यंत किती फ्रेम (पडद्यावरची एकेक चित्रं) जातात? ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंत किती? पूर्ण वेगात वळायला किती? हे सगळं एका कागदावर, शेजारी शेजारी लिही. गाडी ताबडतोब ऐकणारी आणि माणूस सुस्त असेल, तर तो कागद तुझ्या लीडसमोर ठेव. "मजा येत नाही" असं म्हटलं तर वाद होतो. आकडे दाखवले तर लोक खुर्ची ओढून जवळ बसतात.

आणि बटणं. गाडीत हुक टाकायचं बटण आणि छतावर हुक टाकायचं बटण एकच ठेव. याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण कन्सोलवरचं नाही, घरच्या कम्प्युटरवरचं आहे. १९८९ च्या, बर्टनच्याच पहिल्या 'बॅटमन' सिनेमात एक क्षण आहे: बॅटमोबाइल भरधाव असताना दिव्याच्या खांबाला हुक टाकते आणि त्या दोराच्या आधारे गर्रकन कोपरा वळते. पडद्यावर काही सेकंदांचाच प्रसंग. मँचेस्टरच्या ओशन कंपनीने त्याच वर्षी काढलेल्या गेममध्ये गाडीची लेव्हल त्या क्षणावर उभी केली. कोपरा आला की दोर टाकायचा, नेमक्या वेळी. आणि त्याच गेममध्ये कारखान्यात, कॅथेड्रलमध्ये तू दोर टाकूनच वर चढतेस. म्हणजे गाडीतही दोर, पायीही दोर. दोन खेळ एका सवयीने बांधले गेले. सिनेमातला कुठला क्षण गेममध्ये न्यायचा, हे ठरवताना हा दोर आठव. मोठा स्फोट, मोठी इमारत, मोठा खलनायक हे प्रसंग बघायला छान, पण त्यात बोटांना काही करायला नसतं. ज्या क्षणी नायक काहीतरी ठरवतो आणि लगेच त्याचं शरीर किंवा गाडी वळते, तो क्षण तुझा.

'बॅटमन रिटर्न्स' सिनेमातही असा एक क्षण होता. समोरची वाट इतकी अरुंद, की गाडी तिच्या दोन्ही बाजू टाकून देते आणि एखाद्या बाणासारखी मधून निघून जाते. विचार कर, हे खेळणाऱ्याच्या हातात दिलं तर? कवच टाकायचं की नाही, केव्हा टाकायचं, आणि टाकलं तर पुढची पूर्ण वाट उघड्या गाडीने काढायची. मग ती गाडी सोडून तो पायी निघाला तरी ती उघडी पडल्याची भीती त्याच्याबरोबर पुढच्या लेव्हलमध्ये जाईल. गाडीला झालेलं नुकसान छतावर दिसू दे. धाप लागलेली असू दे. धावदोरा असाच जातो.

कोनामीच्या गेमबद्दल थोडंसंच. त्यांनीही एक गाडीची लेव्हल ठेवली आहे, पण छोटी. बाकी सगळा जीव त्यांनी ठोशात ओतला. दोन गुंडांची डोकी एकमेकांवर आपटली की हाताला ते वजन जाणवतं. त्यांनी एकच गोष्ट निवडली आणि ती अगदी शेवटपर्यंत नेली. तुझ्या वरिष्ठांना दोन्ही अर्धे सारखे हवे असतील, पण वेळ एकाचाच असेल, तर हे उदाहरण काढ. कमी करा असं म्हणायला धीर लागतो. तो तुझ्यात आहे, मी तो पाहिला आहे.

सिनेमावाल्यांशी वागण्याबद्दल. पटकथेच्या ज्या प्रसंगावर तू लेव्हल बांधशील तो प्रसंग संपादनात कापला जाऊ शकतो. आमच्या एका गेममध्ये बंदरावरचा पाठलाग होता. आम्ही त्यावर चार महिने घालवले आणि सिनेमा लागला तेव्हा त्यात बंदरच नव्हतं. लेव्हल ठेवली, पण खेळणाऱ्यांना ती परकी वाटली. म्हणून प्रसंगावर नको, नायकाच्या सवयींवर बांध. त्या कुणी कापत नाही. त्यांच्याकडून गाडीचे आराखडे माग, आवाजाची रेकॉर्डिंग माग, नायक पायऱ्या कसा उतरतो त्याचं चित्रीकरण मिळत असेल तर तेही माग. ट्रेलर मागू नकोस, त्याने तुझं काम पुढे जात नाही. आणि कोण काय मंजूर करतं ते तारखेसह लिहून ठेव.

शेवटी एक विनंती, ती खेळणाऱ्यांच्या वतीने. कुणाचा गाडीवर हात बसतो, कुणाचा उड्यांवर. माझी बहीण गाडीत मला सहज हरवायची आणि पहिल्याच खड्ड्यात पडून कंट्रोलर खाली ठेवायची. तिच्यासारख्या कुणाला तुमच्या गेमचा अर्धा भाग बंद होऊ देऊ नका. एखादी लेव्हल सलग काही वेळा हुकली तर पुढे जायची वाट द्या, पाहिजे तर मागाहून परत येता येईल अशी. तुझे लीड म्हणतील की त्याने आव्हान कमी होतं. तू त्यांना तुझा फ्रेमचा कागद दाखव आणि सांग, आव्हान इथे आहे, या आकड्यांत.

दिवाळीला पुण्यात आलीस की घरी ये. माझं सीडीचं यंत्र अजून चालतं, झाकण उघडताना थोडं कुरकुरतं एवढंच. तुझा कागद घेऊन ये. आधी गाडी, मग छत, मग पुन्हा गाडी, असं खेळू, आणि प्रत्येक वेळी पहिल्या पाच सेकंदांत हाताला काय वाटतं ते तू लिहून घे.

तुझा,
काका