ॲटिकस असा कसा निघाला?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी अंबाजोगाईची, वय ४७, शाळेत इंग्रजी शिकवते. बीएला असताना हार्पर लीची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ वाचली अन् त्यातला ॲटिकस फिंच, काळ्या माणसाची केस घेऊन अख्ख्या गावाचा रोष ओढवून घेणारा वकील, तो माझ्या डोक्यात थेट आमच्या अण्णांच्या जागी जाऊन बसला. अण्णा हेडमास्तर होते, वस्तीतल्या पोरांना फुकट शिकवायचे, आजही बाजारात लोक वाकून नमस्कार करतात. २०१५ ला या कादंबरीचं जोडपुस्तक येणार म्हटल्यावर मी वेडी झाले होते, भावानं पुण्याहून पार्सल पाठवलं, पण काहीतरी बिघडंल या भीतीनं दहा वर्षं कपाटातच राहू दिलं. या मे महिन्यात दोन रात्रींत वाचलं. म्हातारा ॲटिकस गोऱ्यांच्या मीटिंगला जाऊन बसलेला बघून मला काही सुधरेनाच. अन् खरं सांगू का, रडू त्याच्यापायी नव्हतंच. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडून नामविस्तार झाला, मी दहावीला होते, त्या रात्री अण्णा ओसरीवर चार लोकांत काय बोलायलेत ते मी माजघरातून ऐकलं होतं. आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींची कपबशी मोरीवरच्या कोनाड्यात वेगळी असायची, पालथी घातलेली, त्या स्वतःच धुवून ठेवायच्या. हे सगळं मी विसरून गेले होते म्हणा, नाहीतर विसरल्यासारखं केलं होतं. असलं पुस्तक छापलंच कशाला? आता पहिलं पुस्तक परत कसं वाचू? अण्णा ८२ वर्षांचे आहेत, त्यांच्याकडं बघू तरी कसं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी पुस्तकाचं बोलू, कारण तिथला घोळ सुटला तर पुढचं थोडं सोपं जाईल.

तुमचं ते जोडपुस्तक, ‘गो सेट अ वॉचमन’, १४ जुलै २०१५ ला आलं, ‘मॉकिंगबर्ड’ आलं १९६० ला, म्हणून आपण सगळ्यांनी पंचावन्न वर्षांनी पुढचा भाग आला असं धरलं, अन् त्यात ॲटिकसची मुलगी स्काउट, म्हणजेच जीन लुईस, सव्वीस वर्षांची, ॲटिकस बहात्तरचा, संधिवातानं वाकलेला, म्हणजे पुढचाच भाग वाटणार ना! पण लिहिलं गेलं ते आधी. १९५७ ला हार्पर लीनं हेच हस्तलिखित प्रकाशकाकडं दिलं होतं. टे होहॉफ नावाच्या संपादिकाबाईंनी ते वाचलं, त्यात मोठ्या झालेल्या जीन लुईसला मधेमधे लहानपण आठवतं ते तुकडे त्यांना जिवंत वाटले, अन् लेखिकेला पुन्हा लिहायला लावलं. दोनेक वर्षं ती लिहीत राहिली, त्यातून ‘मॉकिंगबर्ड’ झालं. त्यामुळं दोन्हींचे सांधे जुळत नाहीत. ॲटिकस ज्याची केस लढतो त्या टॉम रॉबिन्सनला ‘मॉकिंगबर्ड’मध्ये ज्युरी दोषी ठरवते, ‘वॉचमन’मध्ये तसल्याच केसचा उल्लेख येतो अन् तिथं आरोपी सुटलेला आहे. ‘मॉकिंगबर्ड’मधला घराबाहेर न पडणारा शेजारी बू रॅडली तर तिथं नाहीच. तेव्हा चांगला ॲटिकस नंतर बिघडला असं मनात धरू नका, लेखिकेच्या कागदावर आधी हाच ॲटिकस आला होता. तिचे स्वतःचे वडील वकील होते, ॲटिकस त्यांच्यावरूनच घडला. बापाला मोठ्या बाईच्या डोळ्यांनी बघून तिनं आधी लिहिलं अन् मग सहा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांनी बघून परत लिहिलं, माझ्या मनात हे बसलं तेव्हापासून मला दोन्ही पुस्तकं एकाच घरातली वाटतात.

कादंबरी म्हणून ते कच्चंच आहे हे मी मोकळेपणानं सांगते. स्काउटचा भाऊ जेम मेला हे एका वाक्यात उरकून टाकलंय, मला तिथं पुस्तक खाली ठेवावं लागलं होतं. शेवटी ॲटिकसचा भाऊ, काका जॅक, येऊन पानंच्या पानं समजावत बसतो, पोरीच्या तोंडात मारतो अन् आपण तिचं भलं केलं असं पुस्तक धरून चालतं, ते मला बिलकुल पटलं नाही. पण दोन जागा अशा आहेत की त्यांच्यासाठी मी ते पुस्तक कुणालाही देईन.

एक कोर्टाची. ‘मॉकिंगबर्ड’मध्ये पोरं वरच्या बाल्कनीत काळ्या लोकांत बसून केस बघतात, अन् ॲटिकस हरून बाहेर निघतो तेव्हा ती सगळी माणसं त्याच्यासाठी उभी राहतात, स्काउटलाही उठायला लावतात. ‘वॉचमन’मध्ये जीन लुईस त्याच बाल्कनीत येऊन बसते, खाली गोऱ्यांच्या कौन्सिलची मीटिंग चाललेली, कुणीतरी घाण घाण भाषण करतोय अन् टेबलापाशी बाप शांत बसलेला. ती बाहेर पडते अन् तिला ओकारी होते. तुम्ही माजघरात होता ताई, ती बाल्कनीत होती, बाकी काय फरक आहे? त्या काळाचं एवढं ध्यानात घ्या की १९५४ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं गोऱ्याकाळ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवल्या होत्या आणि दक्षिणेत सभ्य, शिकलेली, चर्चला जाणारी माणसं त्याविरुद्ध कौन्सिलं काढून बसली होती. आपल्याकडं २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला अन् मराठवाड्यात गावोगाव दलितांची घरं जळाली, त्यानंतर नाव यायला सोळा वर्षं लागली. घरं जाळणारे थोडे होते, ओसरीवर बसून बोलणारे घरोघरी होते, आमच्याही घरात होते. वस्तीतली पोरं फुकट शिकवणारा माणूसच त्या ओसरीवर बसू शकतो, ही गोष्ट मला कळायला फार वर्षं गेली. ॲटिकसही तसाच, कोर्टात काळ्या माणसाला न्याय मिळावा म्हणून जीव तोडून भांडेल, पण तोच माणूस आपल्या बरोबरीनं मत द्यायला, शाळेत बसायला आला की याचं मन आक्रसतं.

दुसरी जागा कॅलपर्निआची, फिंचांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या काळ्या बाईची. आईविना वाढलेल्या पोरीला जिनं सांभाळलं तिच्या घरी जीन लुईस जाते. कॅलपर्निआच्या नातवाच्या गाडीखाली एक गोरा म्हातारा सापडून मेलेला असतो. म्हातारी हिच्याशी पाव्हण्याशी बोलावं तसं बोलते, एकदम अदबीनं, चेहऱ्यावर काहीच नाही. निघताना ही विचारते, तू आमचा तिरस्कार करायचीस का? कॅलपर्निआ कितीतरी वेळ गप्प बसते अन् मग मान हलवते, नाही म्हणून. ते गप्प बसणं मला अजून सोडत नाही. ही पोर बापापायी दुखावलेली, पदराखाली घे म्हणून तिच्याकडं आलेली, अन् तिच्या घरात स्वतःचंच केवढं दुःख चाललंय.

म्हणून सांगते, ‘मॉकिंगबर्ड’ पुन्हा वाचा, बिनधास्त वाचा, फक्त यावेळी ॲटिकसवरची नजर काढून कॅलपर्निआवर ठेवा, ती कुठं जेवते, कुठं उभी असते, चर्चमध्ये आपल्या माणसांत गेल्यावर तिची भाषा कशी बदलते, सगळं आहे त्यात. नावातला ‘वॉचमन’ बायबलच्या यशयाच्या पुस्तकातून आलाय, पहारेकरी, आपल्या गावगाड्यातला जागल्या म्हणा. काका जॅकचं भाषण मला आवडत नाही पण त्यातली एक गोष्ट मी घेतली, ज्याचा त्याचा जागल्या म्हणजे ज्याचा त्याचा विवेक, दुसऱ्याच्या जिवावर आपण झोपायचं नाही. तुम्ही इतकी वर्षं अण्णांना जागल्या करून ठेवलंत.

अण्णांशी बोला. भांडायला जाऊ नका, त्या रात्रीचं विचारा, ऐकलं होतं म्हणून सांगा. ८२ वर्षांचा माणूस कदाचित उडवून लावेल, कदाचित रडेल, मला सांगता यायचं नाही. ते नमस्कार खोटे नव्हते अन् ती रात्रही खोटी नव्हती, दोन्ही धरूनच त्यांच्याकडं बघावं लागंल. पण मावशी हयात असतील तर आधी त्यांच्याकडं जा. माफी बिफीचं भाषण करू नका, मन मोकळं करायला तर अजिबात जाऊ नका, त्यांचं कसं चाललंय ते विचारा अन् त्या चहा देतील त्या कपातून प्या.

प्रश्न : मी परभणीला एमएला आहे. ‘वॉचमन’ आधी लिहिलंय तर आधी तेच वाचायचं का? अन् मित्र म्हणतो म्हाताऱ्या लेखिकेकडून ते जबरदस्तीनं काढून घेतलं, मग वाचणं बरोबर आहे का?

उत्तर : दादा, आधी ‘मॉकिंगबर्ड’च. त्या बापावर जीव जडल्याशिवाय दुसऱ्या पुस्तकातला घाव लागतच नाही. मित्राची शंका अगदीच हवेतली नाही. लेखिकेचे व्यवहार बघणारी वकील बहीण नोव्हेंबर २०१४ ला गेली आणि फेब्रुवारी २०१५ ला पुस्तकाची घोषणा झाली, लेखिका तेव्हा ८८ वर्षांची, नजर अन् कान दोन्ही अधू, त्यामुळं लोक हळहळले ते बरोबरच होतं. अलाबामा राज्यानं तक्रारीची चौकशी केली, त्यात तथ्य आढळलं नाही. लेखिका फेब्रुवारी २०१६ ला वारली. माझा राग जाहिरातीवर जास्त आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या एका दुकानानं तर गिऱ्हाइकांना पैसे परत द्यायची तयारी दाखवली होती, का तर हा जुना कच्चा खर्डा आहे अन् नवी कादंबरी म्हणून विकला गेला. खर्डा म्हणून वाच, एमएला आहेस तर दोन्ही शेजारी ठेवून वाच, पुनर्लेखन म्हणजे काय असतं ते वर्गात कुणी एवढं चांगलं शिकवणार नाही.

प्रश्न : मी मानवतचा. मुलगी तेरा वर्षांची आहे, ‘मॉकिंगबर्ड’ तिला आत्ता द्यावं का?

उत्तर : द्या की. त्यात बलात्काराच्या आरोपाची केस आहे, त्या भागाला आली की आजूबाजूला राहा, ती विचारंल तेव्हा टाळू नका. ‘वॉचमन’ची घाई नको, तिला तुमच्यावर खरोखरचा राग यायला लागला की मग द्या. अन् टॉम रॉबिन्सनचा डावा हात लहानपणी कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनमध्ये सापडून कायमचा निकामी झालेला असतो, त्यावरच त्याचा सगळा बचाव उभा आहे. पुण्या-मुंबईच्या पोरांना ते चित्र काढून दाखवावं लागतं, मानवतच्या पोरीला जिनिंग म्हणजे काय हे सांगायची गरज नाही.