दवाखाना घालायचा सोडून एमपीएच?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले बीएचएमएस, बीएएमएस, बीडीएस झालेले तरुण हल्ली एकच काळजी घेऊन माझ्यासमोर सल्ल्याला बसतात: सार्वजनिक आरोग्यात एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) केलं तर डॉक्टरकी वाया जाणार का? खानापूर तालुक्यातल्या बीएचएमएस झालेल्या एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

"मॅडम, पप्पा म्हणतात दवाखाना घाल. मला काहीच ठरवता येईना."

"इंटर्नशिपमध्ये कुणी न सांगता काय केलंस?"

बऱ्याच वेळाने म्हणाली, काविळीचा पेशंट आला की गल्ली आणि पाणी कुठलं पितात ते वहीच्या मागच्या पानावर लिहायची. ती वही मी मागवली. एकाच गल्लीतली नावं एकाखाली एक, आणि एका बोअरवेलभोवती लाल गोल.

"हे कशासाठी?"

"एकाच गल्लीतले इतके कसे, हे डोक्यातून जाईना."

१८५४ साली लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवलं, हे तिला सांगितलं. ती पान परत परत बघत राहिली. "म्हणजे मी हे करतच होते," एवढंच बोलली. त्यानंतर 'लोक काय म्हणतील' हे तिच्या तोंडून आलं नाही. समजूत घालून भीती जात नाही, आपणच केलेलं काम समोर दिसलं की ती ओसरते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. म्हणून मी सल्ल्याची घाई करत नाही, आधी वही मागते.

पप्पांचा प्रश्न वेगळा आणि रास्त होता: "नोकरी कायमची आहे काय?" त्यांना सरळ सांगितलं, राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात. मग कागदावर हिशेब केला. ५ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षं मुदत म्हणजे महिन्याला साधारण ६,६०० रुपये हप्ता. शिकतानाचं व्याज थकलं तर आणखी. पाच-सहा जाहिराती काढून त्यांतला पगार या आकड्याशेजारी लिहा, मगच फी भरा. होमिओपॅथीची नोंदणी चालू ठेवली की दवाखान्याची वाटही बंद होत नाही.

एमपीएच दोन वर्षांचं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत, मुंबईच्या टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि खुद्द बेळगावात केएलईत ते आहे. पात्रता आणि प्रवेशाची रीत प्रत्येक ठिकाणी वेगळी, म्हणून माहितीपत्रक स्वतः वाचा. अर्जात 'लहानपणापासून समाजसेवेची आवड' लिहू नका. तिने काविळीची गल्ली लिहिली. आणि कन्नड लिहा-वाचायला शिका. आपल्या सीमाभागातल्या मुलांना दोन्ही राज्यांत काम करता येतं, पण कर्नाटकातले सरकारी अहवाल बोलण्यापुरत्या कन्नडवर निभत नाहीत.

खरी दमछाक प्रबंधाची. शेवटच्या सत्रात मुलं तालुकाभर सर्वेक्षणाचा विषय घेऊन बसतात. शोधायची गोष्ट किती टक्के घरांत सापडेल ते ठाऊक नसेल तर ५० टक्के धरतात. ५ टक्के चुकीची मुभा आणि ९५ टक्के खात्री ठेवली तर नमुना ३८४ चा येतो. वाड्या निवडून घरं घेतली की तो बहुधा दुप्पट, म्हणजे ७६८, धरावा लागतो. एकट्याने दिवसाला ८ घरं म्हटली तरी ९६ दिवस! जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात तेवढीही होत नाहीत. तिने विषय एका ग्रामपंचायतीतल्या घरांपुरता आणला: पाणी साठवतात कसं, उकळतात का. घरांची यादी आशाताईंकडून पडताळून घेतली आणि भेटी दिवाळीनंतर ठेवल्या.

संशोधनात लोकांना त्रास होणार नाही ना हे तपासणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी हातात येईपर्यंत एकही फॉर्म भरू नका. आधी गोळा केलेली माहिती प्रबंधात चालत नाही आणि सत्र वाया जातं. संमतिपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत हवं. भाषांतर एकाने करावं, ते पुन्हा मूळ भाषेत आणायचं उलट भाषांतर मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने. कन्नड शाळेत शिकवणाऱ्या आत्याने तिला ते उलट भाषांतर करून दिलं, आणि तीन प्रश्न बदलावे लागले.