'बॅड बॉईज फॉर लाइफ' बघायचा आहे. आधीचे दोन भाग बघावेच लागतील का? आणि इतक्या वर्षांनी काढलेला सिक्वेल खरंच बरा आहे का?

पहिला भाग बघा, दुसऱ्यातला दाराशी घडणारा एक प्रसंग बघा (त्याविषयी शेवटी सांगतो) आणि मग थेट तिसरा लावा. तेवढं पुरे.

सिक्वेलबद्दलची तुमची शंका मलाही होती. १९९५, मग २००३ आणि त्यानंतर एकदम २०२०. दिग्दर्शनाला पहिल्या दोन भागांचे मायकल बे नाहीत, विल स्मिथ आणि मार्टिन लॉरेन्स दोघंही पन्नाशी ओलांडलेले. म्हटलं, जुन्या पुण्याईवर गल्ला भरायचा बेत दिसतोय.

सुरुवातीलाच गंमत झाली. मायामीच्या रस्त्यांवरून पोर्शे सुसाट चाललेली, आत दोघा पोलीस मित्रांची नेहमीची वादावादी. आपल्याला वाटतं, कुणाचा तरी पाठलाग चाललाय. तर कसलं काय, मार्कस (लॉरेन्स) आजोबा झालाय आणि त्याला हॉस्पिटल गाठायचंय! सिनेमाचा सूर इथेच लागतो. पहिल्या भागात ही जोडी गाडीत सांडलेल्या खाण्यावरून भांडत होती. आता मार्कसला निवृत्त होऊन घरी पाय पसरून बसायचंय, आणि दाढी रंगवणाऱ्या माइकला (स्मिथ) आपलं वय झालंय हेच कबूल नाही. मार्कसच्या चष्म्यावरचे विनोद तर मला गोळीबारापेक्षा जास्त आवडले.

मला वाटतं, ही मालिका ताजी झाली ती यामुळेच. नायकांचं वय लपवायच्या भानगडीत न पडता त्याचीच गोष्ट केली. दुसऱ्या भागात गाड्या उडत होत्या, माणसं मरत होती, पण कुणालाच कशाचं काही वाटत नव्हतं. अडीच तासांत माझे तर कान किटले.

पुढचा परिच्छेद रसभंग करणारा आहे, नको असेल तर गाळा.

तिसऱ्या भागात माइकला भर रस्त्यात गोळ्या लागतात आणि तो वाचावा म्हणून मार्कस देवापुढे यापुढे हिंसा न करण्याची शपथ घेतो. पोलीसपटाच्या नायकाने अशी शपथ घेतली की विनोद आपोआप जमत जातो. पण खरा धक्का कॅप्टन हॉवर्डच्या मृत्यूचा. सतत चिडणारा, पोटाचं औषध पीत ओरडणारा हा साहेब (जो पँटोलियानो) पहिल्या भागापासून हसवत आलेला. त्याचा जीव जातो तेव्हा आपण विनोदी सिनेमा बघतोय हेच क्षणभर विसरायला होतं.

आदिल एल अरबी आणि बिलाल फल्लाह या बेल्जियमच्या दिग्दर्शक जोडीने बे यांचा भडक रंगांचा बाज ठेवला, पण दोघांना बोलायला उसंत दिली. बे स्वतः लग्नाच्या प्रसंगात झळकून जातात, लक्ष ठेवा. दुसऱ्या भागाचा खर्च १३ कोटी डॉलर होता, हा सुमारे ९ कोटींत झाला आणि जगभरात ४२ कोटींहून अधिक कमावले.

सगळंच गोड नाही. तंत्रज्ञानात तरबेज अशी तरुण पोलिसांची नवी तुकडी आणलीय, पण तिच्यातल्या कुणाचाच चेहरा लक्षात राहत नाही. खलनायकाचं नातं उलगडतं तो भाग तर थेट रोजच्या मालिकेतला. मला हसू आलं, आणि ते दिग्दर्शकांना अपेक्षित होतं की नाही, देव जाणे.

आता तो दाराशीचा प्रसंग. दुसऱ्या भागात रेजी नावाचा पोरगा मार्कसच्या मुलीला फिरायला न्यायला येतो, आणि हे दोघं त्याला दारातच असं घाबरवतात की बिचाऱ्याची बोबडी वळते. तिसऱ्या भागात तोच जावई होतो. आणि २०२४ च्या चौथ्या भागात घरावर हल्ला होतो तेव्हा तोच रेजी एकटा सगळ्यांना लोळवतो, सासरेबुवा लांबून कॅमेऱ्यावर आ वासून बघत बसतात. मी तेव्हा एकटाच टाळ्या वाजवत होतो.