‘इकोरेन’मधला ‘र’ आला कुठून?

प्रश्न असा आहे: मध्ययुगीन इंग्रजीतल्या ‘इकोरेन’चा अर्थ कोशात ‘निवडलेला’ असा सापडतो. त्याचं ‘चूझ’शी नातं असेल, तर ‘च’ कुठे गेला आणि ‘र’ कुठून आला?

नातं आहे, अगदी सख्खं. जुन्या इंग्रजीत क्रियापद होतं ‘चेओसान’. त्याची रूपं: ‘चेआस’ (त्याने निवडलं), ‘कुरोन’ (त्यांनी निवडलं), ‘येकोरेन’ (निवडलेला). यातला ‘ये’ म्हणजे जर्मनमधला ‘गे’ उपसर्ग; तो झिजून ‘इ’ झाला आणि पुढे गळूनच गेला. ‘च’चं कोडं सोपं आहे. मुळात सगळीकडे ‘क’च होता, ‘ए’, ‘इ’ यांच्याआधी त्याचा ‘च’ झाला, ‘ओ’, ‘उ’ यांच्याआधी तो टिकला.

‘र’ची उकल डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नर यांच्या १८७७ सालच्या लेखात आहे. आद्य जर्मानिक भाषेत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, गॉथिक यांच्या पूर्वज भाषेत, आघात (उच्चारातला जोर) शब्दात कुठेही पडे. लगेच आधीच्या स्वरावर तो नसला, की मधल्या ‘स’चा ‘माझा’तल्यासारखा ‘झ’ होई. ‘निवडलेला’ या रूपात आघात शेवटी, प्रत्ययावर होता. म्हणून तिथे ‘झ’ आला आणि कालांतराने त्याचाच ‘र’ झाला. ‘वॉज’चं अनेकवचन ‘वेअर’ होतं तेही याच कारणाने. (आजच्या ‘चूझ’मधला ‘झ’ मात्र हा नव्हे. तो इंग्रजीत नंतर, दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘स’चा झाला. इथे बरेच जण फसतात.) व्हर्नर यांचा भक्कम पुरावा होता वैदिक स्वरांचा, म्हणजे जुन्या आघाताच्या खुणांचा: ‘भ्रातृ’मध्ये उदात्त (आघाताचा स्वर) पहिल्या अक्षरावर, ‘पितृ’मध्ये दुसऱ्या. म्हणून गॉथिकमध्ये भावाच्या शब्दात ‘थ’सारखा ध्वनी, बापाच्या शब्दात ‘द’.

मग शब्द मेला कशाने? आपल्याकडे लहान मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतं, तसंच अख्ख्या इंग्रजीने केलं. चालू रूपातले ‘च’ आणि ‘झ’ उचलून ‘चोझन’ घडवलं. ‘फ्रीझ’चं ‘फ्रोर’ (गोठलेलं) हे रूपही असंच हटलं, १६६७ साली कवी मिल्टनने ते वापरलं, तेव्हाच ते जुनाट होतं. ‘लूझ’च्या कुळातलं ‘फॉरलॉर्न’ (एकाकी, हताश) वाचलं, कारण ते विशेषण होऊन वेगळं राहू लागलं. जर्मनमध्ये ‘एरकोरेन’ (निवडलेला) अजून साहित्यात भेटतं, आणि पवित्र रोमन सम्राट निवडणाऱ्या अधिपतींना तिथे ‘कूरफ्युर्स्ट’ म्हणत. १३५६ च्या सुवर्णपत्राने (‘गोल्डन बुल’ या शाही फर्मानाने) त्यांची संख्या सात ठरवली.

‘चॉइस’ला मात्र ‘चूझ’चं थेट पोर समजू नका. जर्मानिक धातू फ्रेंचमध्ये गेला आणि तिथून तो इंग्रजीत परतला.

मूळ धातूचा अर्थ ‘चाखणे, आवडणे’. संस्कृतात तो ‘जुष्’; गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ‘अनार्यजुष्टम्’मध्ये तोच आहे. या धातूत संस्कृतात ‘ज’, जर्मानिकमध्ये ‘क’ आणि प्राचीन पारशीत ‘द’. त्या पारशी शाखेतून फारसीमार्गे मराठीत आलेला शब्द म्हणजे ‘दोस्त’.