सोयाबीनच्या गाठीत एवढं शोधण्यासारखं काय आहे?

प्रश्न : आमची लेक बेळगावात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागेल असं वाटलं होतं, पण आता ती शेतातल्या जिवाणूंच्या जीनोमवर, म्हणजे त्यांच्या संपूर्ण डीएनएवर, पीएच.डी. करायची म्हणते. सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियमचं, म्हणजे मुळांवर गाठी करून पिकाला नत्र देणाऱ्या जिवाणूचं, पाकीट आम्ही दरवर्षी चोळतोच. त्यात आयुष्यभर शोधण्यासारखं काय आहे? आणि त्यावर पोट चालतं का?
— एक शेतकरी, निपाणी तालुका

उत्तर : पाकिटाचा विषय तुम्हीच काढलात ते बरं झालं, माझं निम्मं काम त्याच्याच मागे गेलंय. गुळाच्या पाण्यात कालवून तुम्ही जो जिवाणू चोळता, तोच मुळांवरच्या गाठीत जातो असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तसं होत नाही. ज्या रानात वर्षानुवर्षं सोयाबीन आहे, तिथे आधीच ठाण मांडून बसलेले जिवाणू गाठी बळकावतात आणि पाकिटातला बाहेर राहतो. आत कोण गेलं हे गाठीकडे बघून कळत नाही. त्यासाठी डीएनए वाचावा लागतो.

न्यूझीलंडमध्ये लोटस नावाच्या वैरणीच्या पिकाला एकाच जातीचा जिवाणू लावून पेरणी केली होती. त्या जमिनीत या पिकाला गाठी आणणारा दुसरा जिवाणू नव्हताच. सात वर्षांनी गाठी तपासल्या, तर बहुतेकांत भलतेच जिवाणू! स्थानिक जिवाणूंनी पाहुण्याकडून गाठी करण्याची जनुकं उचलली होती. हे १९९५ साली प्रसिद्ध झालं. पुढे १९९८ मध्ये दिसलं, की सुमारे ५ लाख अक्षरांचा (डीएनएच्या साखळीतला एकेक घटक म्हणजे एक अक्षर) डीएनएचा सलग पट्टाच एकातून दुसऱ्यात जातो. म्हणजे आपण रानात जिवाणू सोडतो तेव्हा जनुकंही सोडतो, आणि ती कुणाच्या हाती लागतील हे आपल्या हातात नसतं.

पूर्ण जीनोम वाचला गेलेला पहिला जिवाणू हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, तोही १९९५ सालीच. त्याची अक्षरं १८ लाखांच्या आसपास. तो माणसाच्या नाका-घशात राहतो. सोयाबीनच्या गाठीत राहणाऱ्या ब्रॅडीरायझोबियम जिवाणूचा जीनोम जपानमध्ये २००२ साली वाचला, तो निघाला सुमारे ९१ लाखांचा. मातीत उन्हाळा काढायचा, पावसात तगायचं, मूळ ओळखायचं, आत शिरून नत्र धरायचं. एवढ्यासाठी एवढं सामान लागतं. त्यातलं कुठलं कशासाठी, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. तुमच्या लेकीला आयुष्यभर पुरेल.

मात्र हे सगळं लॅपटॉपवर होतं असं तिला वाटत असेल, तर आधी तिला चिखलात उतरवा. नमुना कुरियरने पाठवला की जीनोम वाचून देणारे आहेत. पण गाठ कुणाच्या रानातली, आधी तिथे तंबाखू होता की ऊस, पाणी कालव्याचं की पावसाचं, हे कुणी वाचून देत नाही. सार्वजनिक डेटाबेसमध्ये नुसतं ‘माती, भारत’ एवढीच नोंद दिसली की माझं डोकं फिरतं. हो, आणि कन्नड नीट शिकू दे तिला. बैलहोंगल, सौंदत्तीच्या काळ्या रानात खरी माहिती बांधावरच्या गप्पांतून मिळते. माझं खानापूरच्या बाजारातलं कन्नड तिथे कसंबसं निभावतं. लिनक्स ही संगणकप्रणाली, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि संख्याशास्त्र आत्तापासून धरायला हवं. सरावाला हजारो जीनोम इंटरनेटवर फुकट आहेत.

आता पोटाचं. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरा. त्यानंतर पोस्ट-डॉक (पीएच.डी.नंतरचं मुदतीचं संशोधन), कंत्राटी प्रकल्प. कायमच्या जागा थोड्या आणि रांग लांब. पस्तिशीपर्यंत अस्थिरता असते, ती आधीच मान्य करा. जीनोम वाचायची विद्या रुग्णालयातल्या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंसाठीही लागते, जिवाणू खतं बनवणाऱ्यांनाही लागते, त्यामुळे हात रिकामे राहत नाहीत. बेळगावातच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक वैद्यकावरची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या जाहिरातींवर लक्ष ठेवू दे. लग्नाचं कधी बघायचं, त्यात मी पडत नाही.

पाकिटाचे पैसे वाया जातात का, ते तुम्हीच पाहा. फुलोऱ्याच्या सुमारास चार झाडं मातीसकट खणून काढा, मुळं धुवा, गाठी नखाने चिरा. आतून लालसर गुलाबी असतील तर नत्राचं काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असतील तर नाही. पाकीट न चोळलेला एक वाफा शेजारी ठेवलात तर तुलनाही होईल. नोंद मात्र लेकीला करायला लावा, गट नंबरासकट.